घरापुरता आवाज

सदा तोडणकर गिटार घ्यायला गेला की ती वाजवून बघायचा नाही. हे मी स्वतः पाहिलंय, कारण रत्नागिरीच्या बाजारातल्या वाद्यांच्या दुकानात त्याच्याबरोबर मी गेलो होतो. दुकान खरं म्हणजे तबल्यांचं, पेट्यांचं आणि भजनी मंडळांच्या टाळांचं. गिटार एकच, दर्शनी काचेत टांगलेली, आणि ती कधी विकली जाईल अशी मालकाचीही अपेक्षा नसावी. सदाने ती खाली काढायला लावली. आधी तिच्या भोकाला नाक लावून वास घेतला. मग बंदूक धरतात तशी खांद्याला लावून, एक डोळा मिटून, दांड्यावरून नजर फिरवली. मग पालथी करून पाठीवर बोटाने टकटक केलं. मालक कौतुकाने म्हणाला, "पॉलिश तरी बघा. तोंड दिसेल त्यात."

"पॉलिश वाजत नाय," सदा म्हणाला आणि गिटार परत केली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अरे, निदान वाजवून तरी बघायचीस."

"वाजवली असती तर घेतली असती, मास्तर. हातात वाजायला लागली की माणूस दोष बघत नाय. म्हणून पयली बघून घ्यायची, वाजवायची घरी." मग थोडं चालल्यावर म्हणाला, "उन्हात टांगून दांडा वाकवलान. चांगली होती बिचारी."

गिटार त्याला वाडीतले लोक आंबा बघतात तशी बघता यायची, आणि का येऊ नये? तो मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रात पहिल्या रांगेत उभा राहून वाजवणारा माणूस. मांडवीच्या अलीकडे, जिथे समुद्राचा वारा विचारल्याशिवाय घरात शिरतो, तिथे आमची आणि तोडणकरांची घरं शेजारीशेजारी. मध्ये चिऱ्याचा एक बुटका गडगा. दर गणपतीला सदा यायचा तो एक लांबोडकी काळी पेटी घेऊन, आणि वाडीतली पोरंटोरं आरती सोडून ती पेटी उघडायची वाट बघत बसायची. आत लाल रंगाची जपानी गिटार. बोटीवरच्या कुणा खलाशाकडून त्याने ती घेतली होती आणि तिच्यापायी बरीच वर्षं तो एक वेळ जेवला, असं त्याची आई सांगायची. तिला त्यात अभिमान जास्त होता की राग, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग ऐंशीनंतरच्या कुठल्याशा पावसाळ्यात काकी, म्हणजे त्याची आई, चुलीपाशी पडली ती एका अंगाने गेलीच. वडील आधीच वारलेले. बहीण संगमेश्वराकडे दिलेली, तिचा संसार, तिची गुरंढोरं. सदा लग्नाचा राहिलेला. तो एसटीतून उतरला तेव्हा त्याच्या हातात वळकटी होती आणि एक पत्र्याची ट्रंक. काळी पेटी नव्हती.

वाडीत बातमी फुटायला वेळ लागत नाही. "सोन्यासारखी गिटार विकलीन," "त्याचा तो मोठा स्पीकर पण दिलान," असं नळावर सुरू झालं. खरं होतं ते. गिटार, ॲम्प्लिफायर, आवाज घुमवणारं कसलंसं यंत्र, सगळं त्याने त्याच्या जागी आलेल्या पोराला विकलं होतं. आईच्या औषधपाण्याला पैसा हवा होता, आणि दोन खोल्यांच्या घरात त्या जिनसांचं करायचं तरी काय? एवढं मात्र खरं, की गिटारीचा कातडी पट्टा, जो खांद्यावर घालून तो उभ्याने वाजवायचा, तो त्याने दिला नव्हता. "गोरू विकला तरी दावा द्यायचा नाय, असं आई सांगते," तो म्हणाला. आमच्याकडे ही रीत आहे. गाय गेली तरी दावं घरात राहिलं की गोठा परत भरतो म्हणतात. त्या पोराने पट्टा मागितला तेव्हा सदाने त्याला बाजारातून नवा घेऊन दिला म्हणे.

त्या पट्ट्याचं पुढे त्याने काय केलं सांगतो. आईच्या खाटेवरच्या वाशाला तो बांधला. काकी आपला चांगला हात त्यात अडकवून उठून बसायची. पट्ट्यावर पितळी फुलं होती. धरून धरून ती चकचकीत झाली.

आल्यावर दुसऱ्याच दिवशी तो गडगा ओलांडून आमच्याकडे आला. माझ्या वडिलांचा आंब्याचा धंदा, मुंबईच्या बाजाराचा भाव कळायला हवा म्हणून आमच्याकडे फोन होता, आणि सगळी वाडी त्या फोनला आपलाच समजायची. दुसऱ्याच्या फोनवर आपल्याला बोलावून घ्यायचं, त्याला तेव्हा पीपी म्हणत. आम्ही अर्ध्या वाडीचे पीपी होतो.

"मास्तर, ऑर्केस्ट्राच्या शेठना तुमचा नंबर देऊन ठेवलाय," सदा म्हणाला. "शेठ बोलले, जागा झाली की बोलावतो. आईचा काय तो एक निकाल लागेपर्यंत..." इथे तो अडखळला. "म्हणजे बरी होईपर्यंत. तोवर हात ठेवायला पायजे."

हात ठेवणे हा त्याचा शब्द. गाई-म्हशी ठेवतात, तसा हात ठेवायचा. त्याला चारा लागतो, पाणी लागतं, रोज फिरवून आणावा लागतो. नाहीतर तो मरतो. सदाची सगळी धडपड एवढ्याचसाठी होती. मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात त्याने पावत्या फाडायची नोकरी धरली, आणि तिथे डावा हात तो सदान्‌कदा खिशात किंवा काखेत घालून बसायचा. गारठ्याने बोटं आखडतात म्हणून. कोळी त्याला 'एकहाती' म्हणायला लागले. एकाने तर मला हळूच विचारलं, "त्या हाताला काय झालाय ओ त्याच्या?" मी म्हटलं, "तो हात रजेवर आहे."

पण हात ठेवायला गिटार हवी, आणि ती परवडणारी हवी. यावर त्याचा विचार अगदी पक्का होता. मुंबईला मैदानभर माणसं असत, तिथे आवाज विकत घ्यावा लागायचा. इथे ऐकणार कोण? दोन खोल्या आणि खाटेवरची आई. काकीचा तर ठेवणीतला शब्दच होता तो. भात घरापुरता, मासळी घरापुरती, सुपारी घरापुरती, आणि सदाने कुठूनशी कुणाची तरी मोडकी मेंडोलिन आणून पहिल्यांदा छेडली तेव्हा ती तोंडाच्या चांगल्या बाजूने म्हणाली, "घरापुरता वाजव. बास झाला."

बाजारातली गिटार नापास झाल्यावर त्याने मुंबईच्या चुलतभावाला सांगितलं. बाळू त्याचं नाव, गोदीत कामाला. शिमग्याला येताना घेऊन ये म्हणून आमच्याच फोनवरून सांगणं झालं. ट्रंक कॉल म्हणजे निम्मं बोलणं समुद्रातच पडायचं. सदा ओरडून सांगत होता, "भारी नको. साधी. स्टेजवरची नको, उभ्याने वाजवायची नाय. बसून वाजवायची. बसून."

बाळू शहाणा. दुकानात जाऊन त्याने तसंच सांगितलं, की बसून वाजवायची गिटार द्या. दुकानदाराने दिली. शिमग्याला बाळूने ती मोठ्या थाटात अंगणात सोडवली, आणि सदाने वास न घेता, एक डोळा न मिटता, नुसती बघूनच ओळखली. ती हवाइयन होती. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी कांडी फिरवून भावगीतं रडवतात, ती. तिच्या तारा दांड्यापासून इतक्या उंच, की बोटाने दाबायला गेलं तर बोटच कापावं.

बाळूचा चेहरा पडला. "बसून वाजवायचीच आहे ना ही?" तो म्हणाला.

"बसूनच वाजवायची. मीच तसा सांगितला," सदा म्हणाला. बाळूच्या पाठीवर थाप मारून त्याने त्याला पालखीला पाठवला. मी म्हटलं, परत पाठव, बदलून आणेल. तर म्हणे, "कशाला? बिचाऱ्याने मांडीवर घेऊन आणलीन मुंबईपासून. वास चांगला आहे हिचा."

आणि मग त्याने ती गिटार माणसात आणायला घेतली. दांड्याच्या वरच्या टोकाला पट्टी असते, जिच्या खाचांतून तारा जातात. ती उंच पट्टी काढून त्याने करवंटीची नवी केली. नारळ आमच्याच दारचा. सुट्टीच्या दिवशी पडवीत बसून कानस मारायचा, पट्टी लावायचा, तारा चढवायचा, एकदा छेडायचा, परत उतरवायचा. कानशीचा तो आवाज ऐकून आमच्या घरातल्या सगळ्यांचे दात शिवशिवायचे. तारा खाली खाली आणत त्याने इतक्या खाली आणल्या, की बोटाच्या नुसत्या स्पर्शाने सूर उमटावा. तारा छेडायची नखीसुद्धा करवंटीचीच. खारट वाऱ्याने तारा गंजतात म्हणून वाजवून झालं की प्रत्येक तारेवरून खोबरेल लावलेला चिंधीचा बोळा फिरवायचा. काकी खाटेवरून म्हणायची, "माझ्या डोक्याला लाव ता थोडा." मग उरलेलं तेल तिच्या डोक्याला.

तरी त्याचं समाधान होईना. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "मास्तर, स्पीकर नसला की हात जोर लावतो. जोर लावला की हात जड होतो. मला हात हलका ठेवायचाय." त्यावर त्याने शोधलेला उपाय म्हणजे आमचा रेडिओ. माझ्या वडिलांनी अडगळीत टाकलेला, दिव्यांचा, तापायला वेळ घेणारा लाकडी रेडिओ. त्याच्या पाठीला ग्रामोफोन जोडायची दोन भोकं होती. सदाने गिटारीच्या भोकात बसणारा, तारांचा आवाज पकडणारा एक छोटा पिकअप मागवला, वायर ओढली, आणि रेडिओने घसा खाकरून गिटारीचा आवाज काढला. बारीक, मऊ, थोडासा नाकातला, पण होता तो विजेच्या गिटारीचाच. त्या दिवशी सदा हसला. दात दिसतील असं हसताना मी त्याला तेवढं एकदाच पाहिलं.

त्या रेडिओची एक खोड होती. गिटार जोडली तरी आतून केंद्र हळू आवाजात बोलत राहायचं. सदा वाजवत असायचा आणि त्याच्या सुरांखालून मच्छीमारांना सूचना चाललेली असायची, की वारे वेगाने वाहतील, समुद्रात जाऊ नये. "कोण सांगतंय रे?" काकी विचारायची. "तुला सांगतायत, घराबाहेर पडू नको," सदा म्हणायचा. काकीचं अर्धं तोंड हसायचं. वीज तर संध्याकाळी इतकी मंद व्हायची की रेडिओचा आवाज आपोआप दम लागल्यासारखा बसायचा. सदाला त्याचं काही नव्हतं. तो बोटं आणखी हलकी करायचा.

असं वर्ष गेलं, आणखी एक गेलं. संध्याकाळी कारखान्यातून आला की आईची सगळी उसाभर, पेज, औषध, कूस बदलणं, आणि मग खाटेला टेकून, जमिनीवर बसून, बटण अगदी पहिल्या खुणेवर ठेवून तो वाजवायचा. आई झोपली तरी वाजवायचा, पण मग आणखी हळू. खोलीत त्याच्या समोर बसलं तरच ऐकू यायचं. मी कधीमधी जाऊन बसायचो. सुरुवातीला तो फोनची चौकशी करायचा. पुढे करेनासा झाला, फक्त मी गडग्यापाशी दिसलो की वाजवता वाजवता मान वर करून बघायचा. मी मान हलवायचो, की नाही. तो खाली बघायचा. मला गडग्यापाशी जायचीच चोरी झाली.

आणि एके दिवशी फोन आला. शेठचाच. सदा धावत आला, पायात काही न घालता. ऑर्केस्ट्रा आखातात जाणार होता. सदाची गिटार घेतलेला पोरगा गिटारीसकट दुसऱ्याच कुणाकडे निघून गेला होता. "गिटार मी देतो, स्पीकर मी देतो, तू फक्त हात घेऊन ये," शेठ म्हणाला. रविवारी परत फोन करतो, नक्की काय ते सांग.

सदा दुसऱ्या दिवशी संगमेश्वराला गेला आणि बहिणीला घेऊनच आला. ती बाई गोठा नणंदेवर टाकून, बोचकं घेऊन आली. म्हणाली, "तू जा रे दादा. आयशीला मी बघते. तू काय जन्मभर बरफच विकणार हायस?" राहता राहिली काकी. तिला सांगायचं कसं म्हणून सदा घुटमळत होता, तर तीच पट्टा धरून उठून बसली.

"जा," ती म्हणाली. "घरापुरता झाला आता. जा."

रविवारी दुपारी तो गिटार घेऊन आमच्याकडे येऊन बसला. गिटार कशाला आणलीस, विचारलं तर म्हणाला, "शेठ ऐकल्याशिवाय घेत नायत कुणाला. मला म्हायती आहे." फोन आला. खुशाली झाली, आणि शेठने तेच म्हटलं. "हात आहे ना तसाच? जरा ऐकव बघू."

सदाने माझ्या हातात रिसीव्हर दिला. मी तो गिटारीच्या भोकापाशी धरून बसलो. सदाने डोळे मिटले आणि वाजवायला लागला. मी एवढ्या जवळून त्याला कधी ऐकलं नव्हतं. मला संगीतातलं कळत नाही, पण त्या बोटांना काही जागा कठीण होती असं वाटलं नाही. थोड्या वेळाने रिसीव्हरमध्ये कुणी बोलतंय असं वाटलं म्हणून मी तो कानाला लावला.

"अरे, सुरू कर ना," शेठ म्हणत होता.

"वाजवतोय तो," मी म्हटलं.

"वाजवतोय? काही ऐकू येत नाही. जोरात वाजवायला सांगा."

मी सांगितलं. सदाने मान डोलवली आणि हात उचलून नखी मारली. करवंटीच्या पट्टीवर दांड्याला जवळजवळ टेकवून बसवलेल्या त्या तारा दांड्यावर आपटून खडखडल्या. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. त्याने परत मारली. परत खडखड. मग तो थोडं हळू वाजवायला गेला, मधलं काहीतरी धरायला, पण मधलं त्याच्या हातात राहिलंच नव्हतं. दोन सूर बरे निघायचे आणि हात आपणहून खाली उतरायचा, खाटेशेजारच्या आवाजावर. माझ्या डोळ्यांसमोर उतरायचा. सदा त्याला वर ओढायचा, तो परत खाली. त्याच्या कपाळाला घाम आला होता. मध्येच ऑपरेटर बाई म्हणाली, वेळ संपली, वाढवायची का. शेठ म्हणाला, नको. आणि मला म्हणाला, "त्याला सांगा, बघतो. कळवतो."

मी रिसीव्हर ठेवला. मग म्हटलं, "गिटारच तसली. तिथे चांगली मिळाली असती तर..."

"गिटारीला बोल लावू नका, मास्तर," सदा म्हणाला. "हात घरापुरता झाला."

तो घरी गेला तेव्हा काकी पट्टा धरून बसूनच होती. मी दारातच थांबलो. "काय म्हणालान शेठ?" तिने विचारलं. "आखातातला जाणा रद्द झाला," सदा म्हणाला. तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. नंतर पट्टा सोडला आणि आडवी झाली. "वाजव मग," ती म्हणाली. बहीण दोन-तीन दिवसांनी आपल्या घरी गेली.

फोन पुन्हा आला नाही. काकी त्यानंतरच्या भातकापणीच्या सुमारास गेली. दुपारची झोपली ती उठलीच नाही. सगळे म्हणाले, सुटली. कुणी कुणी सदालाही म्हणाले, सुटलास, आता जा मुंबईला. पुढच्या गणपतीच्या तोंडावर वाडीतल्या मंडळाच्या पोरांनी तर गणपतीत वाजव म्हणून भाड्याचा मोठा स्पीकर आणायची तयारी केली. सदाने दिवाळीनंतर बघू म्हटलं. गणपती तर भाद्रपदात असतात. पोरांना कळलं, ती परत आली नाहीत.

माझी बदली खेडकडे झाली, लोट्याच्या कारखान्यांतल्या कामगारांची मुलं जातात त्या शाळेत. निघायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला मी तोडणकरांकडे गेलो. सदा नेहमीच्या जागी, जमिनीवर, खाटेला टेकून वाजवत होता. खाटेवर चादर घातलेली, उशी जागच्या जागी. वाशाचा पट्टा लोंबत होता. मी समोर जाऊन बसलो तेव्हा कुठे सूर ऐकू यायला लागले. सुरांखालून समुद्र खवळल्याची सूचना चालली होती.

मला त्या दिवशी कसलासा रागच आला. म्हटलं, "सदा, आता तरी मोठ्याने वाजव रे. ऐकू दे वाडीला. कुणाची झोप मोडणार आहे आता?"

तो हसला. म्हणाला, "खरंच की." आणि त्याने हात मागे नेऊन रेडिओचं बटण फिरवलं, कधी फिरवलं नव्हतं इतकं. रेडिओ घुमायला लागला. सदाने नखी मारली आणि मांडणीवरची भांडी थरथरली. केवढा आवाज होता तो. त्या घरात तो इतके दिवस होता आणि कुणाला माहीत नव्हता. शेजारच्या पडवीतून कुणीतरी "काय गो ता?" म्हणालं.

सदाने झटकन तळवा तारांवर ठेवला आणि वळून खाटेकडे पाहिलं.

"उठेल ना," तो मला दबक्या आवाजात म्हणाला.

तळवा तसाच तारांवर, आणि रेडिओ नुसता घुमत होता. मग त्याने बटण खाली आणलं, अगदी पहिल्या खुणेवर, आणि वाजवायला लागला. मी उठलो. दारातून मागे पाहिलं तर त्याची बोटं चाललेली दिसत होती. गडग्यापर्यंत पोचलो, तिथे काहीच ऐकू येत नव्हतं.